सोळा माणसे, एक बंगला : सामूहिक सहलीचा पैसा कसा जमवावा आणि कसा जपावा

रायपूरच्या तात्यापारा, बूढापारा किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत एक गोष्ट सारखी आढळते. एक भाऊ रायपुरात, बहीण नागपूरला, दुसरी नाशकात, कुणाचा मुलगा पुण्यात. सगळे एकत्र येतात ते लग्नात नाही तर मुंजीत, आणि तिथे निवांत बोलायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून अलीकडे आईची पंच्याहत्तरी किंवा दादा-वहिनींच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला की कुणीतरी सुचवते, ‘हॉटेल नको, एखादा छान बंगलाच घेऊ दोन दिवस.’ फोनवर फोटो येतात. हिरवळ, पोहण्याचा तलाव, झोपाळा, मोठे स्वयंपाकघर. भाडे रात्रीला अठ्ठावीस हजार. पण माणसे सोळा! भागाकार केला की आकडा परवडणारा वाटतो.

असा बंगला घेण्यात गैर काही नाही. पैसा साठवायचा तो अशा दिवसांसाठीही असतो. मात्र या व्यवहारात निर्णय सोळा जणांचा आणि पैसा जातो एकाच्या खात्यातून. ‘दादा, तू भरून ठेव, आम्ही देतो मग,’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, पण रद्द झाले, कुणी गळाले किंवा फसवणूक झाली तर नुकसान आधी दादाच्या बचतीवर येते. हे टाळण्यासाठी काय करावे, ते या लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहू. उदाहरणातील कुटुंब आणि भाड्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आपल्या सहलीचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

१. जाहिरातीतला आकडा आणि खरा खर्च

समजा, चार भावंडांची कुटुंबे आणि आई मिळून १६ माणसे आहेत. मोठी माणसे ११, लहान मुले ५. नागपूर, नाशिक आणि पुण्याच्या मंडळींना सोयीचे म्हणून इगतपुरीजवळचा एक बंगला दोन रात्रींसाठी पसंत केला. भाडे रात्रीला २८,००० रुपये. दोन रात्रींचे ५६,००० भागिले १६, म्हणजे माणशी ३,५०० रुपये. सगळ्यांनी लगेच होकार दिला.

आता मालकाकडून पूर्ण माहिती घेतल्यावर काय दिसते ते पाहा :

- मूळ भाडे, दोन रात्री : ५६,००० रुपये
- हे भाडे १२ माणसांचे आहे. जादा ४ माणसांचे रात्रीला माणशी १,५०० प्रमाणे : १२,००० रुपये
- या ६८,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी : १२,२४० रुपये
- जेवणखाण, कर धरून, मोठ्या माणसाला दिवसाला १,२०० आणि मुलांना निम्मे, दोन दिवसांचे : ३२,४०० रुपये
- नाशिक रोड स्टेशन ते बंगला आणि परत, गाड्यांचे भाडे : ९,००० रुपये

एकूण : १,२१,६४० रुपये.

भागिले १६ केले तर माणशी सुमारे ७,६०० रुपये होतात. सुरुवातीला सांगितलेल्या ३,५०० च्या दुपटीहून जास्त. यात रेल्वेचे तिकीट नाही, आणि मालक घेणार असलेली २०,००० रुपयांची परत मिळणारी अनामतही नाही. ती परत मिळेल, पण तोवर कुणाच्या तरी खात्यातून बाहेर असेल.

कुणी फसवले असे यात नाही. जाहिरातीत फक्त भाडे लिहिलेले असते, बाकीचे आपण विचारायचे असते. म्हणून घरच्यांना आकडा सांगण्यापूर्वी मालकाला हे सहा प्रश्न विचारावेत : भाड्यात किती माणसे धरली आहेत? लहान मुलांना वयानुसार सूट आहे का? जीएसटी भाड्यात धरला आहे की वेगळा? स्वयंपाकी, गॅस आणि भांडी वापरण्याचे वेगळे पैसे आहेत का? वीज गेल्यास जनरेटरचा खर्च कुणाचा? शनिवार-रविवार किंवा सणाच्या दिवसांचा दर वेगळा आहे का?

उत्तरे फोनवर घेतली तरी नंतर लेखी संदेशातून पक्की करून घ्यावीत.

२. कर कुठे किती लागतो

राहण्याच्या जागेवरचा जीएसटी एका खोलीच्या किंवा एका जागेच्या रोजच्या भाड्यावर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के कर आहे. अख्खा बंगला एकच जागा म्हणून २८,००० रुपयांना दिला जातो, म्हणून तो १८ टक्क्यांत बसतो.

याची तुलना करून पाहू. त्याच १६ माणसांनी एखाद्या साध्या रिसॉर्टमध्ये ४,००० रुपयांच्या सहा खोल्या दोन रात्री घेतल्या, तर भाडे ४८,००० आणि कर २,४०० मिळून ५०,४०० रुपये होतात. बंगल्याचे भाडे करासह ८०,२४०. फरक जवळजवळ तीस हजारांचा.

मग बंगला घेऊच नये का? तसे नाही. रात्री बारा वाजता अंगणात सगळ्यांनी गप्पा मारत बसणे, आईने पहाटे उठून आपल्या हाताने चहा करणे, मुलांनी एकाच खोलीत गाद्या टाकून झोपणे, हे सहा वेगळ्या खोल्यांत होत नाही. त्यासाठी तीस हजार द्यायचे की नाही, हे कुटुंबाने ठरवायचे. आकडा समोर ठेवून ठरवले म्हणजे नंतर खंत राहत नाही.

रायपूरच्या जवळचे पर्यायही विचारात घ्यावेत. धमतरीजवळचे गंगरेल धरण सुमारे ९० किलोमीटरवर आहे. महानदीकाठचे सिरपूर आणि बारनवापारा अभयारण्य हेही रस्त्याने काही तासांत गाठता येते. या भागात छत्तीसगड पर्यटन मंडळाच्या आणि खासगी मालकांच्या राहण्याच्या जागा आहेत. अभयारण्य पावसाळ्यात बंद असते, तारखा आधी विचाराव्यात. नागपूर-पुण्याचे पाहुणेच रायपूरला येणार असतील तर तिकिटांचा भार त्यांच्यावर जास्त पडेल. हाही वाटणीत धरण्याचा मुद्दा आहे.

३. बंगला आधी की तिकीट आधी?

मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरची अखेर या दिवसांसाठी बंगल्यांचे आगाऊ पैसे तीन-चार महिने आधी मागितले जातात. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. शिवाय एका ऑनलाइन तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात. आपल्या उदाहरणात रायपूरहून निघणारे ८ जण असतील तर दोन तिकिटे काढावी लागतील. हावडा-मुंबई मेलसारख्या गाडीत सुट्टीच्या दिवसांत दोन्ही पक्की होतीलच असे नाही.

म्हणजे बंगल्याचे पैसे अडकतात तेव्हा आपण तिथे पोहोचू शकू की नाही हेच माहीत नसते. यावर उपाय असा :

- ६० दिवसांच्या आधी फक्त छोटी टोकन रक्कम द्यावी, भाड्याच्या दहा टक्क्यांहून अधिक नको.
- तिकिटे पक्की झाल्यावर पुढचा हप्ता द्यावा.
- ‘तारीख एकदा बदलून मिळेल’ ही अट लेखी मागावी. पूर्ण पैसे परत देण्यास तयार नसलेले मालक तारीख बदलण्यास अनेकदा तयार होतात.

४. वाटणी आधी ठरवा, आनंद नंतर करा

भावाभावांत पैशाचा विषय काढायला संकोच वाटतो. पण तो संकोच सहलीपूर्वी सोसलेला बरा. वाटणीच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत, कुटुंबामागे सारखी. १,२१,६४० भागिले ४, म्हणजे प्रत्येकी ३०,४१० रुपये. हिशेब सोपा, पण तिघांच्या कुटुंबाला आणि पाच जणांच्या कुटुंबाला सारखाच भार.

दुसरी रीत, माणशी. मोठा माणूस एक वाटा, लहान मूल अर्धा वाटा. ११ मोठे आणि ५ मुले मिळून साडेतेरा वाटे होतात. एका वाट्याला सुमारे ९,०१० रुपये. आई पाहुणी, म्हणून तिचा वाटा चौघांत विभागला तर प्रत्येकावर सुमारे २,२५३ रुपये वाढतात. असे केल्यास दोन मोठे आणि दोन मुले असलेल्या कुटुंबाचे सुमारे २९,२८३ रुपये होतात, आणि दोन मोठे व तीन मुले असलेल्या कुटुंबाचे सुमारे ३३,७८८.

तिसरी रीत, ऐपतीप्रमाणे. एखाद्या भावाची नोकरी नुकतीच गेली असेल, बहिणीच्या घरी आजारपण असेल, तर बाकीच्यांनी भार उचलावा. पण हे गृहीत धरू नये. ज्याने जास्त द्यायचे त्याने स्वतःहून म्हणावे, आणि ज्याला कमी द्यायचे त्याला सगळ्यांसमोर बोलावे लागू नये. एकाने चौघांशी वेगवेगळे बोलून आकडे ठरवावेत.

कोणतीही रीत घ्या, आकडा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहून टाका आणि प्रत्येकाचा होकार तिथेच घ्या.

५. ऐन वेळी एक कुटुंब गळाले तर?

सहलीच्या दहा दिवस आधी एका बहिणीचा फोन येतो, मुलाची परीक्षा पुढे ढकलली गेली, आम्हाला जमणार नाही. तिच्या घरचे चौघे कमी झाले. आता १२ माणसे, साडेदहा वाटे.

तिच्याकडचे जेवणाचे ७,२०० रुपये वाचतील. मालकाने जादा ४ माणसांचे पैसे करासह परत केले तर आणखी १४,१६० वाचतील. तेव्हा एकूण खर्च १,००,२८० आणि एका वाट्याला सुमारे ९,५५० रुपये. पूर्वीपेक्षा साधारण ५४० जास्त. हे कुणालाही सोसेल.

पण मालक म्हणाला, ‘सोळा माणसांचे बुकिंग झाले, आता परत मिळणार नाही,’ तर खर्च १,१४,४४० राहतो आणि एका वाट्याला सुमारे १०,९०० रुपये पडतात. तीन वाट्यांच्या कुटुंबावर अचानक साडेपाच हजारांहून जास्त बोजा येतो.

म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. मालकाशी : माणसे कमी झाल्याचे किती दिवस आधी कळवले तर जादा माणसांचे पैसे परत मिळतील? आणि आपसांत : अमुक तारखेनंतर जो गळेल त्याने भाड्यातला आपला वाटा द्यायचा, जेवणाचा द्यायचा नाही. आजारपण किंवा घरात दुःखद प्रसंग आला तर सगळ्यांनी मिळून सोसायचे. हा नियम ठरवला असेल तर दादाला बहिणीकडे पैसे मागताना अवघड वाटत नाही, आणि बहिणीलाही ते लागत नाही.

६. पैसे कुठे साठवायचे

तिकिटे धरून एका कुटुंबाला साधारण ३६,००० रुपये लागतील असे मानू. सहल वर्षभरानंतर आहे. तीन वाटा आहेत.

बँकेचे आवर्ती ठेव खाते : दरमहा ३,००० रुपये, १२ महिने. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर मुदतीला ३६,००० मुद्दल आणि वर सुमारे १,२०० ते १,३०० रुपये व्याज. दर बँकेनुसार वेगळा असतो, खाते उघडताना विचारावा.

वैयक्तिक कर्ज : सहल आधी, पैसे नंतर. ३६,००० रुपये १४ टक्क्यांनी १२ महिन्यांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३,२३० आणि एकूण व्याज सुमारे २,८०० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे. दरमहा खिशातून जाणारी रक्कम जवळपास आवर्ती ठेवीएवढीच आहे, पण एकात व्याज मिळते आणि दुसऱ्यात द्यावे लागते. फरक चार हजारांचा.

क्रेडिट कार्ड, पूर्ण बिल न भरता : अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. ३६,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज सुमारे १,२६० रुपये, वर त्यावर जीएसटी. आवर्ती ठेवीने वर्षभरात जेवढे मिळवून दिले, तेवढे कार्ड एका महिन्यात नेते.

पोस्टाचे आवर्ती खाते चांगले आणि सुरक्षित आहे, पण त्याची मुदत ५ वर्षे असते आणि ते ३ वर्षांनंतरच मुदतीआधी बंद करता येते. वर्षभराच्या सहलीसाठी ते सोयीचे नाही.

भिशीबद्दल दोन शब्द. ओळखीच्या बायकांची किंवा नातेवाइकांची भिशी विश्वासावर चालते आणि अनेकींना बचतीची सवय तिनेच लावली आहे. पण भिशीतल्या पैशाला ठेव विम्याचे संरक्षण नसते. बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ते असते. शिवाय ‘दरमहा इतके भरा, वर्षाअखेर मोफत सहल’ असे सांगणाऱ्या अनोळखी कंपनीची योजना ही भिशी नव्हे. छत्तीसगडात चिटफंड कंपन्यांनी किती घरांची बचत बुडवली हे रायपूरकरांना सांगायला नको. अशा योजनेत पैसे घालू नयेत.

आणखी एक सूचना. सगळ्यांचे पैसे वर्षभर एकाच्या खात्यात गोळा करू नयेत. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या नावाने, एकाच महिन्यात संपणारे आवर्ती खाते उघडावे. पैसे ज्याचे त्याच्याकडे राहतात, आणि सहल रद्द झाली तरी कुणाचे कुणाकडे अडकत नाहीत. टोकन आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मात्र सर्वांनी आपला वाटा पैसे भरणाऱ्याच्या खात्यात पाठवावा, ‘इगतपुरी सहल’ असा शेरा लिहून. ‘मग देतो’ चालणार नाही.

सहलीसाठी आईची मुदत ठेव मोडू नये. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजदरात अर्धा ते एक टक्का कपात करतात, आणि ते पैसे औषधपाण्यासाठी ठेवलेले असतात.

७. पैसे पाठवण्यापूर्वी तपासा

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने पर्यटक आणि यात्रेकरूंना सावध करणारी सूचना काढली होती. खोटी संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरची खोटी पाने आणि व्हॉट्सअ‍ॅप खाती बनवून केदारनाथचे हेलिकॉप्टर, अतिथिगृहे, हॉटेले, गाड्या आणि सहलींच्या नावाने पैसे उकळले जात होते. पैसे भरले की फोन लागत नाही, आणि जागेवर गेल्यावर कळते की बुकिंग झालेलेच नाही.

बंगल्यांच्या बाबतीत रीत अशीच असते. खऱ्या बंगल्याचे फोटो उचलायचे, भाडे थोडे कमी सांगायचे आणि घाई करायची : ‘दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळपर्यंत टोकन टाका.’ रायपुरात बसून इगतपुरीचा बंगला घेणाऱ्याला जागा पाहता येत नाही, हे त्यांना माहीत असते. म्हणून :

- नाशकात किंवा जवळपास कुणी नातेवाईक असेल तर त्याला जागा पाहून यायला सांगा. एवढे मोठे जाळे आपल्या घरात असताना ते वापरावे.
- ते शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल करा. फाटकापासून सुरुवात करून आतल्या खोल्या, स्वयंपाकघर आणि वीज मीटर दाखवायला सांगा. तयार व्हिडिओ पाठवतो म्हणणाऱ्याला नकार द्या.
- पत्ता नकाशावर पाहा. शेजारच्या एखाद्या हॉटेलला किंवा दुकानाला फोन करून असा बंगला तिथे आहे का, ते विचारा.
- मालकाचे नाव असलेले वीज बिल किंवा घरपट्टीची पावती मागा. बंगला चालवायला घेतलेला असेल तर तसा कागद मागा.
- पैसे पाठवताना पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचा. ते मालकाच्या किंवा व्यवसायाच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा. एनईएफटी आणि आरटीजीएस करतानाही आता खातेदाराचे नाव आधी पाहता येते.
- ‘अनामत परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका,’ असे कुणी म्हटले तर फोन ठेवा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

८. कागदावर काय असावे

मोठा करारनामा नको. एका पानाचा ईमेल किंवा संदेश पुरतो, पण त्यात हे असावे : बंगल्याचा पत्ता, मालकाचे नाव, येण्या-जाण्याची तारीख आणि वेळ, माणसांची संख्या, करासह एकूण रक्कम, दिलेले आणि उरलेले पैसे, रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत, आणि अनामत किती दिवसांत परत.

अनामतीवरून सर्वांत जास्त वाद होतात. बंगल्यात शिरल्याबरोबर सामान उतरवण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. फुटलेली काच, डाग पडलेली गादी, बंद पडलेला पंखा दिसला तर लगेच मालकाला संदेश पाठवा. निघतानाही तसाच व्हिडिओ काढा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने मनाई आहे. काही मालक यासाठीही अनामतीतून पैसे कापतात, म्हणून गाण्यांचा कार्यक्रम दहाच्या आत आटपावा.

मालकाने दंडाचा मोठा आकडा लिहिला असेल तर तेवढा द्यावाच लागतो असे नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. वाद झाला तर वाजवी भरपाईच मिळू शकते.

पोहण्याचा तलाव असेल तर त्याची खोली, कुंपण आणि लक्ष ठेवणारा माणूस आहे का, हे विचारा. पाच मुले बरोबर असताना हा प्रश्न भाड्याच्या आधी यावा.

९. तरीही गडबड झाली तर

फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी थांबवता आले तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून लाजून किंवा घरच्यांशी चर्चा करत वेळ घालवू नका. व्यवहार क्रमांक, समोरच्याचा फोन क्रमांक, संदेश आणि फोटो जपून ठेवा. खात्यातून आपल्या नकळत पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत संरक्षण आहे. पण आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला ते सहसा लागू होत नाही. त्यामुळे आधीची तपासणी हेच खरे संरक्षण.

बंगला खरा आहे, पण सांगितलेल्या सोयी नाहीत किंवा अनामत परत मिळत नाही, तर हा ग्राहक तक्रारीचा विषय. आधी मालकाला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तरीही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणजे इगतपुरीच्या मालकाविरुद्ध रायपूरच्या आयोगात दाद मागता येईल. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे.

लक्षात ठेवा

- घरच्यांना भाडे सांगू नका, करासह एकूण खर्च सांगा.
- वाटणी आणि गळणाऱ्याचा नियम गटात लिहून ठेवा.
- प्रत्येकाने आपापले आवर्ती खाते उघडा. सहलीसाठी कर्ज नको.
- तिकीट पक्के होईपर्यंत फक्त छोटी टोकन रक्कम द्या.
- वाटा आधी गोळा करा, मग मालकाला पैसे पाठवा.
- खातेदाराचे नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका.
- रद्द करण्याच्या आणि अनामतीच्या अटी लेखी घ्या.
- येताना आणि जाताना व्हिडिओ काढा.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३०, सेवेबद्दल तक्रार असल्यास १९१५.

सहल ठरवण्याचे काम अंगावर घेणारा घरात बहुधा एकच असतो. त्याच्या खात्यावर सगळ्यांचा भार पडू न देणे हे बाकीच्यांचे काम आहे. पुढच्या वर्षीची सहल मनात असेल तर या महिन्यातच बँकेत जाऊन आवर्ती खाते उघडा, आणि गटात तेवढेच लिहा : ‘आमचा पहिला हप्ता भरला.’